खुंटा उभा होता

बागाईतदारानं खुंट्यावर लाकडी मोगरीचा शेवटचा घाव घातला, आणि बांधावर उभी असलेली ताठ्याची बायको मनाशी म्हणाली, चला, यंदा कोकरं सावलीत जन्मणार.

खुंटा बाभळीचा, हातभर लांब, टोक विस्तवात भाजून टणक केलेलं. शेतात मेंढ्या बसवायच्या म्हणजे जाळीचं कुंपण घालून कळप रात्रभर त्या रानात ठेवायचा, लेंड्यामुतानं जमीन कसदार करून द्यायची, आणि बदल्यात मालकानं संध्याकाळी धान्य, दिवसा चरायला मोकळं रान आणि विहिरीचं पाणी द्यायचं. एवढं ठरलं की मेंढपाळ आपल्या कुंपणातला एक खुंटा रानाच्या कोपऱ्यात ठोकी, आणि शेवटचा घाव मालक घाली. मग ते रान दुसऱ्या कळपाचं नाही आणि तो कळप दुसऱ्या रानाचा नाही. सुटका एकाच रीतीनं व्हायची, मालकानं आपल्या हातानं खुंटा उपटला तर. कागद नाही, सही नाही, साक्षीदारही नाही.

हल्ली ही रीत पातळ झाली होती. चार रानांत चार खुंटे ठोकायचे आणि जिथं धान्य जास्त तिथं कळप हाकायचा, असे मेंढपाळही निघाले होते. ताठ्या त्यांच्यातला नव्हता. त्याला ताठ्या म्हणत ते उगाच नाही. चालताना मान ताठ, बोलताना मान ताठ. त्याच्या बापानं म्हणे हयातीत एकदाही उभ्या खुंट्याला पाठ दाखवली नव्हती, आणि हे ताठ्या पाणी मागावं तितक्या सहज, ओळख ना पाळख अशा माणसालाही सांगायचा. बायकोनं ते इतक्यांदा ऐकलं होतं की तो बोलायला लागला की ती कामाला लागायची.

पण या खेपेला तीही खूश होती. कळपातल्या निम्म्याहून जास्त मेंढ्या गाभण होत्या, पोटं जमिनीला टेकायला आलेली. विण्याच्या दिवसांत कळपाला एक जागा लागते, पाणी लागतं, झाड लागतं. बागाईतदाराच्या रानात विहीर होती, चिंचेची दोन झाडं होती. ताठ्याच्या आईला आता डोळ्यांनी फारसं दिसत नसे. ती मेंढीच्या पोटावरून हात फिरवून म्हणाली, "आठवडाभरात सुरू होतील बघ. जागा चांगली मिळाली ना?"

"चांगली आहे आत्याबाई," सून म्हणाली. "विहिरीपाशीच."

ठरल्या दिवशी सकाळी कळप रानाच्या तोंडाशी आला. बिऱ्हाड गाढवावर, जाळी ताठ्याच्या खांद्यावर, म्हातारी गाढवाची शेपटी धरून चालणारी. वाटेला बागाईतदाराचा गडी काठी आडवी धरून उभा.

"आज नको म्हणालेत मालक. उद्या या."

"उद्या का?"

"मला काय विचारता? मी गडी आहे."

उद्या उजाडला. गड्यानं सांगितलं, मालक बाहेरगावी गेलेत. रान आणि सडक यांच्या मध्ये दगडांची एक पट्टी होती, तिथं त्यांनी मुक्काम टाकला. गवताची काडी नाही. पाणी आणायचं तर खालच्या ओढ्यातल्या डबक्यापर्यंत जावं लागे, आणि ते पाणीही वर हिरवं, खाली काळं. दोन घागरी, एक डोक्यावर, एक कमरेवर. बाई दिवसभर त्याच वाटेनं खालीवर करत राहिली. मेंढ्या घागरीचा आवाज ऐकून धावत यायच्या आणि तिच्या मांड्यांवर डोकी आपटायच्या. संध्याकाळी तिनं लुगडं वर करून पाहिलं, तर मांड्या काळ्यानिळ्या पडलेल्या.

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या मळ्यातला शेतकरी सायकल ढकलत आला. त्याला सगळे हसऱ्या म्हणत. कुणी मेलं तरी सांगताना त्याच्या तोंडावर हसू असायचं. स्वभावानं वाईट नव्हता, चेहराच तसा.

"काय रे ताठ्या, दगड चारतोस का मेंढ्यांना?" तो हसत म्हणाला. "माझा कांदा निघालाय. पात पडून आहे रानभर. हौद भरलेला आहे. आत्ता चल, तो देणार तेवढंच धान्य मी देतो."

बाईनं घागर खाली ठेवली.

ताठ्या म्हणाला, "खुंटा उभा आहे."

"अरे, त्यानं तुला रानात घेतलं का?"

"घेईल. नाही घ्यायचं तर खुंटा उपटेल."

"बघ बाबा." हसऱ्यानं बाईकडं पाहिलं. "वहिनी, तुम्ही तरी सांगा. मला दोन दिवसांत नांगरट करायचीय, मग नाही जमणार." आणि तो सायकल ढकलत निघून गेला.

त्या संध्याकाळी तिनं तोंड सोडलं. आयुष्यात बोलली नव्हती इतकं बोलली. "जीव जातील त्यांचे. मेंढीला कळतं का तुमचा शब्द? तिला तहान कळते. त्यानं आपल्याला फसवलंय, उघड फसवलंय, आणि तुम्ही त्याचा खुंटा सांभाळत बसलाय."

"त्यानं फसवलं म्हणून मीही फसवू?"

"कुणाला फसवताय? बघायला तिथं कुणी आहे तरी का?"

"मी आहे ना," ताठ्या म्हणाला आणि भाकरीचा घास घेतला.

त्या क्षणी तिला त्याचा राग आला, आणि राग येऊनही वाटलं की हा खोटं बोलला असता तर मला आवडला नसता. याचाच तिला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बागाईतदाराच्या घरी गेली. तो परत आला होता. पडवीत खुर्ची टाकून न्हाव्याकडून दाढी करून घेत होता. अर्धा गाल फेसात, अर्धा साफ. त्यानं तिला बस म्हटलं नाही. ती खांबाला धरून उभी राहिली. न्हावी वस्तरा थांबवून तिच्याकडं पाहायला लागला, तशी तिनं पदर सारखा केला.

"मालक, मेंढ्या कधी आणायच्या?"

"बघू ना. कोंबडीखताच्या ट्रका येणार आहेत माझ्या. फुकटात मिळतंय, पोल्ट्रीवाला स्वतः आणून टाकतोय. त्या आल्या तर मेंढ्या काय करायच्यात मला?"

"मग खुंटा उपटा मालक. आम्ही दुसरीकडं जातो."

"आणि ट्रका नाही आल्या तर?" त्यानं न्हाव्याला डोळा मारला. "थांबा ना. घाई काय आहे?"

"गाभण आहेत हो मेंढ्या. पाणी नाही तिथं."

"मग जा की! मी काय तुम्हाला दाव्यानं बांधलंय?"

"तुम्ही उपटल्याशिवाय ते हलायचे नाहीत."

बागाईतदार हसला, तसा न्हाव्याला वस्तरा मागं घ्यावा लागला. "हे बघ बाई. मी खुंटा उपटला तर बोलणं मी मोडलं असं होतं. उद्या एक मेंढपाळ माझ्या रानात यायचा नाही. तुम्ही आपणहून निघून गेलात, तर तुम्ही मोडलं. मी कशाला मोडू? तुझा नवरा हलत नाही हा त्याचा रोग आहे. माझ्याकडं औषध नाही." आणि न्हाव्याला म्हणाला, "चालव रे."

परतताना ती मुद्दाम रानातून आली. कोपऱ्यात खुंटा उभा होता, डोक्यावर मोगरीच्या घावांनी फुलासारखा पिंजलेला. आजूबाजूला माणूस नव्हतं. ती त्याच्यापाशी थांबली. पायानं एक ढेकूळ उडवलं, ते खुंट्याला लागून फुटलं. मग तिला घागरींची आठवण झाली आणि ती निघाली.

म्हातारी दगडाला टेकून बसली होती. पावलं ओळखून म्हणाली, "एकटीच गेली होतीस?"

"हो."

"रानातून आलीस की सडकेनं?"

"रानातून."

"खुंटा उभाच आहे का गं?"

"उभाच आहे. कुठं जातोय?"

म्हातारीनं पुढं विचारलं, "कुणी होतं तिथं?"

"कुणी नव्हतं आत्याबाई. काय विचारताय हे?" ती वैतागून म्हणाली. जसा मुलगा तशी आई, हिलाही खुंट्याचीच काळजी, असं तिला वाटलं. म्हातारीनं उसासा टाकला आणि तोंड फिरवलं. पुढच्या दिवशीही तिनं हेच विचारलं. त्याच्या पुढच्या दिवशीही.

ट्रका आल्या. तीन ट्रका कोंबडीखत रानात ओतून गेल्या. दगडांच्या पट्टीपर्यंत असा वास आला की घास तोंडाशी नेववेना, आणि माशा इतक्या की मेंढ्यांचे डोळे दिसेनासे झाले. गड्यांनी फावड्यानं खत पसरलं, आणि खुंट्यापाशी आल्यावर त्याला वळसा घालून पसरलं. मालकानंच तसं सांगितलं होतं. पांढऱ्या-करड्या खतात तो एकटा खुंटा दुरूनही दिसायचा.

"बघा," ती म्हणाली, "अजून काय दिसायचं राहिलंय? मेंढ्यांची जागा कोंबड्यांनी घेतली."

ताठ्यानं त्या रानाकडं पाहिलं. त्याचे ओठ तडकले होते. आपल्या वाट्याचं पाणी तो दोन दिवस एका म्हाताऱ्या मेंढीला पाजत होता, हे तिला माहीत होतं. "उपटलेला नाही ना पण," तो म्हणाला.

ती तशीच हसऱ्याच्या मळ्यात गेली. नांगर चालला होता. कांद्याची पात मातीखाली गेली होती. "फार उशीर केलात वहिनी," हसऱ्या हसत म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला. विहिरीवर मोट नव्हती, पंप होता, आणि पंपाचं पाणी पाटातून खळखळत होतं. वाऱ्याबरोबर तो वास आला. पुढची मेंढी उठली, मग सगळा कळपच उठला. ताठ्यानं काठी आडवी धरली, बाईनं हात पसरले, पण तहानेनं वेडा झालेला कळप दोन माणसांनी अडत नाही. मेंढ्या त्यांच्या अंगावरून गेल्या. पाटापर्यंत पोचायच्या आधी कापलेल्या ज्वारीचं एक वावर होतं. ज्वारी कापून झालेली, बुडख्यांना पाटाच्या ओलीनं कोवळे फुटवे आलेले. हिरवेगार, बोटभर.

मेंढपाळाच्या तान्ह्या पोरालाही कळतं की ते फुटवे म्हणजे विष. त्यात भुकेल्या पोटी.

"हाणा!" ताठ्या ओरडत धावला. "हाणा, तोडू देऊ नका!"

त्यानं काठीनं मेंढ्यांच्या तोंडावर मारलं. नाकाडं फुटली, रक्त आलं, तरी त्या खातच होत्या. ती एकेकीच्या जबड्यात बोटं घालून पाला ओढून काढत होती. बोटं चावली गेली. एकीचं काढावं तोवर दहा जणी खात होत्या. मग पहिली मेंढी थरथरली, चारही पाय फाकून उभी राहिली आणि आडवी झाली. तोंडाला फेस, डोळे वटारलेले, श्वास धापेवर धापा. तिच्यापाठोपाठ दुसरी पडली. मग बघावं तिकडं पडायला लागल्या. म्हातारी सडकेवरून ओरडत होती, "गुळाचं पाणी पाजा! गूळ आहे गाठोड्यात!" गूळ होता सुपारीएवढा. तो घागरीत विरघळवून त्यांनी पाजला, आणि ज्यांना पाजला त्यांतल्याही निम्म्या मेल्या.

ऊन उतरलं तेव्हा वावरात उभ्या मेंढ्या थोड्या आणि पडलेल्या फार. म्हातारी बांधावरून चाचपडत आली. गुडघ्यांवर बसून तिनं एका मेलेल्या मेंढीच्या पोटावर तळहात ठेवला, दुसरीच्या ठेवला, तिसरीच्या ठेवला, आणि म्हणाली, "ही. हिच्या पोटात हलतंय. सुरी दे." बाईनं सुरी दिली. म्हातारीनं न बघता, हातानंच जागा शोधून पोट चिरलं आणि कोकरू ओढून काढलं. बाईनं त्याच्या नाकातला चिकटा तोंडानं ओढून थुंकला. कोकरू शिंकलं. तिनं ते पदरात गुंडाळून छातीशी धरलं, आणि त्याला पाजायला गावभर दूध मागत फिरली. ते दुसऱ्या दिवशी मेलं.

खाटीक आला, बघून गेला. विषानं मेलेलं मांस त्याच्या काय कामाचं? बागाईतदाराचा गडी आला. म्हणाला, मालकांनी सांगितलंय, संध्याकाळच्या आत मढी उचला, विहिरीपाशी घाण नको. आणि वावर तुडवलंय, त्याचं बघतील मालक. दोघांनी मिळून मढी पायांना धरून ओढली आणि ओढ्याकाठी खड्ड्यात टाकली. गाभण मेंढीला ओढताना जास्त जोर लागतो.

कोर्टात जायचं ताठ्यानंच ठरवलं. कुणी म्हणालं, कागद नाही, काही होणार नाही. पण वकीलबाई म्हणाली, तोंडी बोलणंही करारच असतं, सिद्ध करता आलं तर. कोर्टाच्या गावात एका शिंप्याच्या दुकानावर तिची खोली होती. खालून शिलाई मशिनीचा आवाज यायचा. ताठ्याच्या बायकोच्या कानातलं फीपायी त्या जिन्यानं वर गेलं ते परत आलं नाही.

"तुम्हाला हवंय काय?" वकीलबाईनं विचारलं.

"त्यानं बोलणं मोडलं, हे कोर्टानं म्हणावं. आणि त्यानं आपल्या हातानं खुंटा उपटावा."

"कोर्ट खुंटे उपटत नाही. ठरलेलं काम करूनच द्या, असा हुकूम कधीकधी मिळतो. पण आता तुम्ही बसवणार कोणत्या मेंढ्या?" ती हे सहज बोलून गेली, आणि बोलल्यावर तिनं मान खाली घातली. "राहिली भरपाई. मेंढ्यांची मागू. करार मोडल्यानं त्या मेल्या, असं दाखवावं लागेल. तो म्हणणार, मेल्या त्या फुटव्यांनी. ते मी बघते. आता एक खरं सांगा. मधल्या दिवसांत दुसरं कुणी रान देत होतं का?"

"देत होता ना!" ताठ्याची मान आणखी ताठ झाली. "पलीकडचा हसऱ्या. मुक्कामावर चालत आला होता. मी गेलो नाही."

वकीलबाईनं पेन खाली ठेवलं. "नीट ऐका. समोरच्यानं करार मोडला, की ज्याचं नुकसान होतं त्यानंही हातपाय हलवायचे असतात. टाळता येण्यासारखं नुकसान तुम्ही टाळलं नाही, तर तेवढं कायदा भरून देत नाही. कळलं का? खोटं बोला असं मी तुम्हाला सांगणार नाही, सांगू शकत नाही. पण कुणी विचारल्याशिवाय हसऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही."

खाली उतरताना ताठ्या जिन्यात थांबला. "हिला काही कळत नाही," तो बायकोला म्हणाला. "ज्यामुळं माझी बाजू खरी ठरते तेच लपव म्हणते. त्यानं शब्द मोडला, मी मरेपर्यंत पाळला, हे सांगायचं नाही तर मग कोर्टात सांगायचं काय?"

"त्या शिकलेल्या आहेत. ऐका त्यांचं."

"तिनं कधी खुंटा ठोकलाय का?"

तारखा पडत गेल्या. उरलेल्या मेंढ्या म्हणजे जाळीच्या एका कोपऱ्यात मावतील एवढ्या. त्याही दुसऱ्या कुणाच्या रानात बसवायच्या नाहीत, कारण खुंटा उभा. बागाईतदाराच्या वकिलानं त्याला सांगून ठेवलं होतं, निकाल लागेपर्यंत हात लावू नका. मेंढ्या सडकेच्या कडेला चरायच्या. ताठ्या खडी फोडायला जायचा, बाई दुसऱ्यांची भांडी घासायची. भांडी घासताना तिची चावलेली बोटं आखडायची, त्यातलं एक पुढं सरळ झालंच नाही.

साक्षीच्या दिवशी ते कोर्टात गेले, तर दाराशी हसऱ्या उभा. सायकल भिंतीला टेकवलेली, अंगात धुतलेला सदरा.

वकीलबाईनं ताठ्याला बाजूला ओढलं. "याला कुणी बोलावलं?"

"मी," ताठ्या म्हणाला. "माझा साक्षीदार आहे."

तिनं कपाळाला हात लावला. बाईनं नवऱ्याचा दंड धरला, "अहो, नको. पाया पडते. त्यांना परत पाठवा." पण समोरच्या वकिलानं हसऱ्याला पाहिलं होतं, हे कोण म्हणून विचारलंही होतं, आणि हसऱ्यानं हसत सगळं सांगितलंही होतं.

ताठ्या साक्षीला उभा राहिला. समोरच्या वकिलाला फार कष्ट पडले नाहीत. त्यानं प्रश्न विचारायचा आणि ताठ्यानं छाती काढून उत्तर द्यायचं. रान देत होता? देत होता. पाणी होतं? हौद भरून. धान्य? तेवढंच. किती लांब? हाकेच्या अंतरावर. तुमच्या मेंढ्या तिथं गेल्या असत्या तर जगल्या असत्या? ताठ्या किंचित थांबला.

"जगल्या असत्या," तो म्हणाला.

न्यायाधीश वयस्क होते. त्यांनी चष्मा काढला. "मग गेला का नाहीत?"

"खुंटा उभा होता, साहेब."

मागं बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. बाईनं निकाल तेव्हाच ओळखला. बाकाची कड तिनं इतकी आवळली की आखडलेल्या बोटातून कळ गेली. मग हसऱ्याला बोलावलं. त्यानं सांगितलं ते सगळं खरं होतं, आणि सांगताना त्याचा चेहरा हसरा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते लांबून कुणाला दिसलं नाही.

निकाल वकीलबाईनं जिन्यातच सांगितला. करार झाला होता, आणि बागाईतदारानं तो मोडला, हे कोर्टानं मान्य केलं. पण तिसऱ्या दिवशी दुसरं रान समोर चालून आलं होतं. तिथून पुढचं नुकसान टाळता येत होतं, ते वादीनं टाळलं नाही. म्हणून पहिल्या दोन दिवसांच्या धान्याची भरपाई, आणि कोर्टाचा खर्च ज्याचा त्यानं सोसायचा.

"मोडला असं म्हणालं ना कोर्ट?" ताठ्यानं विचारलं.

"म्हणालं."

"ऐकलंस?" तो बायकोकडं वळला. "त्यानं मोडला. कोर्टानं म्हटलं." कितीतरी महिन्यांनी त्याच्या तोंडावर उजेड दिसला. वकीलबाई त्याच्याकडं बघत राहिली आणि मग खोलीत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

तिथून तो थेट बागाईतदाराकडं गेला. ती मागोमाग. बागाईतदारानं गड्याकडून धान्य मागवलं. एका हातात मावेल असं गाठोडं पायरीवर ठेवलं. "हे तुझं. कोर्टानं सांगितलं तेवढं. मोजून घे."

"आता खुंटा उपटा मालक. तुम्हीच मोडलंय, कोर्टानं सांगितलं."

"खुंटा उपटा असं लिहिलंय का कुठं? दाखव."

ताठ्याकडं दाखवायला काही नव्हतं.

"नाही ना? मग मी कायद्याबाहेर एक बोट हलवणार नाही," बागाईतदार म्हणाला. "तुला नको असेल तर तू उपट."

ताठ्या सडकेच्या कडेला येऊन बसला. गाठोडं शेजारी. दुसऱ्या दिवशी खडी फोडायला गेला नाही, तिसऱ्या दिवशीही गेला नाही. रानाकडं तोंड करून बसायचा. भाकरी दिली तर खायचा, नाही दिली तर मागायचा नाही. मान अजून ताठ होती, पण तिच्या खाली माणूस उरला नव्हता. बाईला कळलं की हा आता इथंच संपणार, आणि उरलेल्या मेंढ्याही.

एका सकाळी ती घागर घेऊन निघाली ती ओढ्याकडं न जाता रानात शिरली. खुंट्यापाशी गेली. आजूबाजूला आजही कुणी नव्हतं. घागर खाली ठेवून तिनं दोन्ही पाय रोवले, लुगड्याचा काचा आवळला आणि सगळा जोर लावून ओढला. ती पाठीवर पडली. खुंटा हातात. मातीतला भाग खतानं आणि वाळवीनं कधीच पोखरून टाकला होता. बोटानं ढकलला असता तरी पडला असता. तिनं पडल्यापडल्याच त्याच्याकडं पाहिलं आणि मग उठून माती झटकली.

ताठ्या होता तसाच बसला होता. तिनं खुंटा त्याच्यासमोर टाकला.

त्यानं मान वर केली. "कुणी उपटला?"

"मालकानं," ती म्हणाली. "मी पाणी आणायला गेले होते. तो स्वतः आला, उपटला आणि म्हणाला, देऊन टाक त्याला."

"स्वतःच्या हातानं?"

"स्वतःच्या हातानं."

तो खुंट्याकडं बघत राहिला. मग उठला. गुडघे वाजले. "बघ," तो म्हणाला, "शेवटी त्यालाच यावं लागलं. हसऱ्याला निरोप दे, आलो म्हणावं. आहेत तेवढ्या बसवू." आणि तो मेंढ्या गोळा करायला गेला. लांबून त्याची शीळ ऐकू आली. गेल्या वर्षभरात ती तिनं ऐकली नव्हती.

ती खाली बसली. एवढंच होतं तर. दोन वाक्यांचं खोटं. बागाईतदाराची दाढी चालली होती तिथून ती परत आली त्या दिवशीच हे सुचलं असतं, तर हसऱ्याच्या रानात पात होती, हौद भरलेला होता. तिला पोट चिरलेली ती मेंढी आठवली आणि तोंडात पुन्हा त्या चिकट्याची खारट चव आली.

म्हातारी दगडाला टेकून बसली होती. तिनं हात पुढं करून चाचपडत खुंटा शोधला, उचलला, त्याचं पोखरलेलं टोक अंगठ्यानं चाचपलं.

"तू उपटलास," ती हळूच म्हणाली.

बाईनं मातीनं भरलेले हात पदरात घेतले.

"फार उशीर केलास गं. याचा बापही असाच होता. मालक फिरला की मी पहिल्या दिवशीच उपटून आणायची आणि सांगायची, मालकानं उपटला. त्याला जन्मात कळलं नाही." तिनं खुंटा मांडीवर आडवा ठेवला. "आता मला दिसत नाही, रानापर्यंत जाववत नाही. तुला रोज विचारत होते, उभाच आहे का, कुणी होतं का तिथं. म्हटलं, आज आणशील, उद्या आणशील."

"मग सांगितलं का नाही आत्याबाई?" तिचा आवाज फाटला. "एवढं एक तोंडानं सांगायचं होतं."

म्हातारीनं शिळेच्या दिशेनं मान वळवली. शीळ जवळ येत होती.

"तुझ्या तोंडून त्याला कळलं असतं मग," ती म्हणाली. "त्याच्या बापाचं."